बटणावरचं बोट

आमच्याकडे मुलीचा सर्व्हर राहायला आला आणि पहिल्याच दिवशी माझी माझ्या लिहिण्याच्या टेबलावरून हकालपट्टी झाली. तसं मी त्या टेबलावर फारसं लिहीत नाही. पण स्वतःचं टेबल असणं आणि नसणं यात फरक आहे, हे घरातल्या दोन बायकांना कोण सांगणार?

सर्व्हर म्हणजे थोरला कंप्युटर, एवढी माझी समजूत होती. प्रत्यक्षात आली ती एक जाडजूड, चपटी, लोखंडी पेटी. तिला पडदा नाही, कीबोर्ड नाही. पुढच्या बाजूला जाळी, जाळीच्या कडेला बारीक दिव्यांची एक पट्टी आणि त्या पट्टीखाली शेजारीशेजारी दोन इवलीशी बटणं. आणि आवाज. पिठाची गिरणी दोन घरं सोडून असावी तसा घूं घूं आवाज, दिवसभर.

विद्यापीठात चिमीच्या विभागात ज्या खोलीत हे यंत्र होतं तिचं छत गळायला लागलं होतं. छत दुरुस्त होईपर्यंत यंत्र घरी न्यायला विभागप्रमुखांनी तोंडी परवानगी दिली. चिमी म्हणजे आमची मुलगी. खरं नाव तिच्या कागदपत्रांवर आहे, घरात कोणी वापरत नाही. चिमी पीएचडी करते. लांब पूल वाऱ्यात किती हलतो, असा तिचा विषय. घरी आल्यापासून हे यंत्र कित्येक आठवडे तो वारा आणि तो पूल यांचं गणित सोडवत होतं. मध्येच बंद पडलं तर गणित पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला वेळ नव्हता, कारण मी सांगतोय त्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक येऊन बसले होते, दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे चिमीला शेवटचे आकडे ठेवायचे होते. हुकलं असतं तर सगळं पुढच्या वर्षावर गेलं असतं. पोरीचा चेहरा त्या काळजीने एवढासा झाला होता.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर मला जास्त लागलं, जेव्हा मी दाढी करताना ऐकलं, "आई, मी नसताना मशीनकडे तू बघ. बाबांना हात लावू देऊ नकोस."

मी विम्याच्या कार्यालयात अधीक्षक आहे. माझ्या सहीशिवाय तिथे पंख्याचं पातंसुद्धा बदलत नाहीत. आणि इथे माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्याच मुलीच्या पेटीपासून मला लांब ठेवायचं. मी दाढी अर्धी टाकून बाहेर येणार होतो. पण अर्ध्या दाढीने माणसाच्या बोलण्याला वजन राहत नाही, म्हणून पूर्ण केली, आणि तोवर राग थोडा निवला. मग मी ठरवलं की वाद घालायचा नाही, अभ्यास करायचा. ते दिवे आणि ती बटणं मी समजून घेणार, इतकी की पोरीने एक दिवस स्वतःहून विचारावं, बाबा, हा दिवा काय म्हणतो हो?

अभ्यास बरा चालला होता. कोपऱ्यातला हिरवा दिवा स्थिर असला म्हणजे यंत्राला वीज मिळते आहे. खालचे बारीक हिरवे दिवे लुकलुकले म्हणजे आतल्या साठवणीच्या तबकड्या कामात आहेत, आणि ते सारखे लुकलुकत असावेत, लुकलुकायचे थांबले तर काळजी. वर बारीक चित्रं, एक थर्मामीटर, एक वीज, एक चौकोनी किड्यासारखं काहीतरी. त्यांतलं एखादं पिवळं झालं की काहीतरी दुखतंय. इथवर मी आलो होतो. बटणांशी मात्र गाडी अडली. दोन्ही बटणांवर बारीक चित्रं असणार, पण विद्यापीठाच्या भांडार विभागाने आपल्या मालमत्ता क्रमांकाचं लेबल नेमकं त्या दोन चित्रांवर, बटणांपुरती भोकं पाडून, चिकटवलं होतं. एवढ्या मोठ्या पेटीवर त्यांना दुसरी जागा मिळाली नाही. सरकारी माणसाच्या हाती लेबल दिलं की ते जिथे वाचायला काही असेल तिथेच बसतं, हा माझा स्वतःच्या नोकरीतला अनुभव आहे.

"यांतलं चालू-बंद करायचं कुठलं?" मी चिमीला विचारलं होतं.

"दोन्हींना हात लावायचा नाहीये बाबा. मग कुठलं कोणतं कशाला हवं?"

मी पुन्हा दिव्यांकडे वळलो.

त्या दिवशी चिमी सकाळीच रंगीत तालमीला गेली. मार्गदर्शक सरांपुढे सगळं बोलून दाखवायचं, फोन बंद ठेवायचा, संध्याकाळी परत. मी मुद्दाम रजा घेतली होती, कारण मला कोणी सांगितलेलं नसलं तरी घरात एक जाणतं माणूस असावं. जेवण झाल्यावर जरा लवंडलो आणि उठून पाहतो तो टेबलावर सर्व्हर नाहीच. सर्व्हरच्या जागी जुन्या पडद्याच्या कापडाचं, झालर लावलेलं एक गोंडस गाठोडं.

"अगं, हे काय?"

"कव्हर," बायको म्हणाली. "झाडताना किती धूळ जाते त्याच्यात. चिमी घालू देत नाही, म्हटलं ती नाहीये तोवर घालावं."

आमच्या घरात उघडं यंत्र राहत नाही. फ्रीजला कव्हर आहे, मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीच्या रिमोटला कव्हर आहे, आणि त्या कव्हरमधून बटणं दिसत नाहीत म्हणून आम्ही उठून टीव्हीजवळ जातो. तेव्हा याचं मला काही नवल वाटलं नाही. मी फक्त दिवे बघावेत म्हणून झालर वर केली. थर्मामीटर पिवळा झाला होता आणि उघडझाप करत होता.

"ताप आलाय याला," मी म्हणालो.

बायकोने खरोखर पेटीला हात लावून पाहिला. "चटका बसतोय हो."

मी कव्हर ओढून काढलं, खिडकी उघडली, उभा पंखा आणून समोर लावला. इथवर माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मग चष्मा लावून मी दिव्यांवर वाकलो. पट्टीवर धूळ बसली होती. कव्हरच्याच कापडाने मी ती अलगद टिपायला लागलो, आणि टिपता टिपता माझ्या बोटाखाली काहीतरी आत गेलं.

बटण.

त्याच क्षणी पट्टीवर एक निळा दिवा चमकायला लागला. निळा दिवा माझ्या अभ्यासात कुठेच नव्हता. मी बोट उचलणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, "साहेब, सोडू नका."

दारात पंपवाले काका उभे होते. वरच्या मजल्यावर राहतात, पाणीपुरवठ्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. पाण्याच्या पंपावर त्यांनी आयुष्य काढलं, त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र हा पंपाचाच एक प्रकार आहे असं ते मानतात. आमचं वर्तमानपत्र ते दुपारी परत करायला येतात, तसे आले होते.

"बटण दाबलं गेलंय ना? मग आता सोडायचं नाही," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या जुन्या पंपघरात असंच असायचं. दाबल्याने काही होत नाही. सोडलं की बंद पडतं."

"पण हे बंद करायचं बटण आहे का?"

"ते आता सोडल्यावरच कळेल. सोडून बघायचं आहे का तुम्हाला?"

मला चिमीचा एवढासा चेहरा दिसला. नको म्हणालो.

आणि काकांचं म्हणणं खरं की खोटं असा विचार करतोय, तोच यंत्राने असा काही आवाज काढला की बायको दोन पावलं मागे सरली. घूं घूं गेलं आणि आतले सगळे पंखे एकदम सुसाट सुटले. टेबलावरचे कागद उडाले.

"ऐकलंत?" काका माझ्या कानाशी ओरडले. "दम लागलाय त्याला. तुम्ही सोडलं असतंत तर आत्ता संपलं होतं सगळं."

काही वेळाने पंखे आपोआप हळू झाले. पाठोपाठ तो पिवळा थर्मामीटरही विझला. आता यात काढलेल्या कव्हरचा आणि उभ्या पंख्याचा वाटा किती, ते मला तेव्हा कुठून कळणार? काकांनी मान हलवली. "बघा. तुमच्या बोटाने त्याला आराम पडला. आता तर मुळीच काढू नका." म्हणजे आधी मी नुकसान टाळण्यासाठी दाबून ठेवत होतो, आता उपचार म्हणून. दोन्हीकडून अडकलो.

बायकोने बुटकं स्टूल आणून माझ्या मागे सरकवलं. मी कसाबसा टेकलो, एक हात पेटीवर, मान वाकडी. चिमीला फोन लावून झाला, बंद. पुन्हा लावला, बंद. मग बायकोने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावून तो माझ्या कानाशी धरला. बराच वेळ एक बाई मला हे दाबा, ते दाबा असं सांगत राहिली. त्या दिवशी मला दाबण्याविषयी कोणीही काही सांगू नये अशी माझी मनःस्थिती होती. शेवटी एक खराखुरा माणूस आला.

"यंत्राचा क्रमांक सांगा सर. पुढच्या बाजूला एक छोटी पट्टी आहे, ती बाहेर ओढा."

"ओढू नका," काका म्हणाले.

"लेबलावरचा क्रमांक सांगतो," म्हणून मी भांडार विभागाचा क्रमांक वाचला. तो लांबलचक होता आणि त्यात दोन तिरक्या रेघा होत्या.

"हा आमचा नाही सर. आणि यंत्र ज्यांच्या नावावर नोंदलंय त्यांनीच बोलायला हवं. इथे एका प्राध्यापकांचं नाव दिसतंय."

"ते निवृत्त झाले."

"मग त्यांचं पत्र लागेल."

"अहो, मी फक्त बोट काढू की नको एवढंच विचारतोय."

त्याने पलीकडे काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला, "सर, त्यासाठी वेगळी तक्रार नोंदवावी लागेल."

विद्यापीठाच्या कार्यालयाने त्याहून पुढची मजल मारली. तिथल्या बाईंनी मालमत्ता क्रमांक ऐकला, कुठेतरी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे यंत्र विभागातच आहे. चालू स्थितीत आहे."

"बाई, ते माझ्या घरी माझ्या हाताखाली आहे."

"आमच्या नोंदीप्रमाणे विभागात आहे."

"पण मी त्याच्यासमोर बसलोय."

"मग तुम्हीही विभागातच असाल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही. माझ्या कार्यालयात मीही लोकांना असंच बोलतो.

एव्हाना माझ्या बोटाला मुंग्या आल्या होत्या आणि बातमी जिन्यावरून खाली पोचली होती. तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर दोन रोग्यांच्या मधल्या वेळात वर आले. त्यांनी माझं नख दाबून पाहिलं, पांढरं होतंय म्हणाले, आणि आ करा असं सांगितलं. सवयीने सांगितलं असावं. मीही सवयीने केला.

"बोट बदलता येईल," ते म्हणाले. "वहिनींनी त्यांचं बोट तुमच्या बोटाशेजारी ठेवायचं आणि तुम्ही हळूच सरकायचं."

"मधे फट राहिली तर?" काका म्हणाले. "मी म्हणतो, खोडरबराचा तुकडा ठेवून वरून चिकटपट्टी लावू."

"खोडरबर दबतं."

"दातात भरायचं तुमचं ते सिमेंट आणा मग."

यावर डॉक्टर गंभीरपणे विचार करायला लागले तेव्हा मात्र मी दोघांनाही हात जोडणार होतो. एकच हात मोकळा होता म्हणून राहिलं. विद्यापीठाच्या मालमत्तेत दातांचं सिमेंट भरल्याचा खुलासा मला लिहायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते बोट दुसऱ्या कुणाच्या हवाली करायचंच नव्हतं. चुकून का होईना, दाबलं मी होतं. पोरीचं गणित माझ्या बोटाखाली होतं. बायको म्हणाली, "अहो, थोडा वेळ मी धरते ना," तेव्हा मी तिच्यावर उगाच खेकसलो. मग मला वाईट वाटलं. तिने बिचारीने चहाचा कप माझ्या तोंडाशी धरला आणि बिस्किट बुडवून भरवलं. बिस्किटाचा अर्धा भाग कपात पडला. नाकाला खाज सुटली तीही तिलाच सांगावी लागली, आणि ती नेमकी कुठे आहे हे सांगताना आमची भांडणं झाली.

अशातच कार्यालयातून साहेबांचा फोन. बायकोने उचलला आणि काय सांगावं न सुचून म्हणाली, "त्यांचं बोट अडकलंय." पलीकडून काय विचारलं गेलं ते मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "मुलीच्या कामात." माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत रजेसाठी असं कारण माझ्या नावावर कधी लागलं नव्हतं.

काका आणि डॉक्टर गेले नाहीत. डॉक्टरांचे रोगीही वर आले होते की काय कोण जाणे, एक गालाला कापूस लावलेला माणूस दारात उभा होता आणि मान डोलावून मला धीर देत होता.

मग जिन्यावर पावलं वाजली, धावत येणारी. चिमी दारातल्या माणसाला ढकलूनच आत आली. केस विस्कटलेले, श्वास लागलेला, हातात फोन. तिने यंत्राकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्यापाशी आली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"बाबा, काय झालं? छातीत दुखतंय का? हे डॉक्टर कशाला आलेत?"

"मला काही झालेलं नाही. आधी मशीन बघ. चुकून बटण दाबलं गेलं बाळा, पण मी सोडलेलं नाही. दुपारपासून धरून ठेवलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, संपलं. गेलं तिचं वर्ष.

"फोन चालू केला तर आईचे इतके कॉल," ती रडतारडताच म्हणाली. "मग कोणी उचलेना. मला वाटलं तुम्हाला काहीतरी झालं. टॅक्सीत बसून सारखी फोन लावत होते मी."

वेगळ्या तक्रारीसाठी बायकोचा फोन पुन्हा कंपनीच्या वाट बघायच्या संगीतात अडकला होता आणि माझा या गर्दीत कोणाला ऐकू आला नव्हता. ते सांगायची ही वेळ नव्हती.

"बोट काढा आता," चिमी डोळे पुसत म्हणाली.

"नको. बंद पडलं तर? तुझा पूल..."

"पडू दे, बाबा. काढा ते."

मी काढलं नाही. म्हणजे मला काढता येईना, बोट तिथेच आखडलं होतं. मग तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि लहान मुलाच्या मुठीतून काही सोडवावं तसं माझं बोट हळूच त्या बटणावरून उचललं. काकांनी डोळे मिटले होते.

काही झालं नाही. घूं घूं चालू होतं, हिरवा दिवा स्थिर होता. निळा तेवढा लुकलुकत राहिला.

"हे बंद करायचं बटण नाहीये," ती म्हणाली, आणि आता तिला हसू फुटायला लागलं होतं. "मोठ्या खोल्यांत अशी मशीनं कपाटात एकावर एक रचलेली असतात. मागच्या बाजूला गेलं की कुठलं आपलं ते कळत नाही. म्हणून हे बटण दाबायचं, पुढे-मागे निळा दिवा लागतो, मशीन सापडतं. एवढंच काम आहे त्याचं."

"आणि ते पंखे? वादळ सुटलं होतं," काका म्हणाले.

"जास्त वेळ दाबून धरलं की देखरेखीचा एक छोटा भाग नव्याने सुरू होतो. तेवढा वेळ पंखे जोरात फिरतात. गणिताला त्याचा काही धक्का लागत नाही."

"आणि ताप?" मी विचारलं.

"कसला ताप?"

बायको पडद्याच्या कापडाची घडी घेऊन आत निघून गेली. काकांना टाकीचा पंप चालू राहिल्याची आठवण झाली. डॉक्टर आपला रोगी घेऊन खाली गेले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली, ती मला सांत्वनाची वाटली.

चिमीने पिशवीतून लॅपटॉप काढला. मला त्या पडद्याकडे बघवत नव्हतं, मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिने काहीतरी टाइप केलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग तिचे खांदे एकदम खाली आले, कित्येक महिन्यांत मी ते असे पाहिले नव्हते.

"झालंय," ती म्हणाली. "पूर्ण झालंय. सगळे आकडे आलेत."

"कधी?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि सांगावं की नाही असा जरा विचार केला. "तुम्ही जेवत असाल तेव्हा."

म्हणजे मी कव्हर काढलं, पंखा लावला, बटण दाबलं, कंपनीशी भांडलो, बिस्किटं भरवून घेतली, तेव्हा त्या पेटीला करण्यासारखं काही कामच उरलं नव्हतं. बसल्या जागी नुसते पंखे फिरवत होती. लुकलुकायचे थांबले तर काळजी, असं ज्यांच्याबद्दल मीच शिकलो होतो त्या खालच्या दिव्यांकडे दुपारभर कोणी पाहिलंही नव्हतं. एरवी अशा वेळी मला अपमान वाटायला फार वेळ लागत नाही. त्या दिवशी वाटला नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी स्टुलावरून उठायचंही विसरलो.

"बाबा," चिमी माझं आखडलेलं बोट चोळत म्हणाली, "मी आले नसते तर धरूनच बसणार होतात?"

"मग काय करणार? तुझं होतं ते."

ती चोळत राहिली. दुसऱ्या हाताने तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक लांब, बारीक रेघांचा पूल होता. वारा त्याच्यावर आदळत होता आणि तो थोडासा डावीकडे, थोडासा उजवीकडे होत होता.

"हलतोय की गं," मी घाबरून म्हणालो.

"हलायलाच हवा," ती म्हणाली. "पडत नाहीये ना, ते बघा."

मी बराच वेळ बघत बसलो. पडला नाही.